नव्या माणसाचे नाव गावच्या दप्तरात

परगावाहून, परप्रांतातून किंवा परदेशातून एखादा मनुष्य येऊन आपल्या गावी राहू लागला, तर तो आपला केव्हा होतो? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कोणी म्हणतील, तो आपली भाषा बोलू लागला म्हणजे. कोणी म्हणतील, त्याने येथे घर बांधले म्हणजे. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु याहून साधी अशी एक कसोटी आहे. त्याचे नाव गावच्या दप्तरात चढले आहे काय, हे पाहावे. मजुरीच्या वहीत, धान्याच्या दुकानात, शाळेच्या पटावर, दवाखान्याच्या नोंदीत आणि मतदारांच्या यादीत ज्याचे नाव आहे, तो गावचा झाला. ज्याचे कोठेच नाही, तो वीस वर्षे राहिला तरी उपराच. आणि या दप्तरांपैकी बहुतेक लिहिणारी लेखणी राज्य सरकारच्या किंवा त्याच्या नोकरांच्या हाती असल्यामुळे, नवागतास समाजात व उद्योगधंद्यात सामावून घेण्याच्या कामी राज्य सरकारला काय करता येईल, हा आजचा विषय आहे.

याच्या विवेचनासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीच्या रांगा, आणि उत्तरेस गुजरात राज्याची सीमा. १ मे १९६० रोजी दोन राज्ये निराळी झाली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी महाल झाला. म्हणजे काल जे शेजारचे गाव होते ते एका रात्रीत परराज्य ठरले. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे डहाणूची वस्ती सुमारे चार लाख व तलासरीची सुमारे दीड लाख होती. तलासरीत शेकडा नव्वद लोक आदिवासी आहेत, व त्यांत वारल्यांचा भरणा मोठा आहे. या पट्टीत माणसे बाहेरून आली आहेत आणि येथून बाहेरही गेली आहेत. म्हणून प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथे एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

प्रथम आलेल्यांचे पाहू. इराणातून आलेले पारशी प्रथम ज्या संजाणास उतरले, ते गाव तलासरीच्या सीमेपलीकडे अगदी जवळ आहे. ते आठव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान आले असावेत, असे अभ्यासक मानतात. इ. स. १६०० च्या सुमारास बहमन कैकोबाद या धर्मगुरूने फारसीत लिहिलेल्या ‘किस्से संजाण’ या काव्यात ही हकीकत आहे. दुधात साखर मिसळल्याची जी गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती मात्र या काव्यात नाही. ती मागाहून लोकांच्या तोंडी रूढ झाली. काव्यात आहेत त्या राजाच्या अटी. येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथील वेष घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत, आपला धर्म काय तो समजावून सांगावा. आणि त्याबदली वस्तीस जागा मिळावी. कथेचा ऐतिहासिक अंश कितीही असो, तिच्यातील व्यवहारज्ञान पक्के आहे. आश्रय म्हणजे नुसती दया नव्हे. तो दोन्ही पक्षांनी पाळावयाचा करार आहे. पुढे संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी डहाणू तालुक्यातील बहरोटच्या डोंगरावरील गुहांत बारा वर्षे जपला, अशी परंपरा आहे.

यानंतर कित्येक शतकांनी त्याच धर्माचे दुसरे लोक आले. इराणातील यज्द व केरमान या भागांतील जरथुष्ट्री लोकांवर तेथे जिझिया कर होता आणि अपमान तर नित्याचाच होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठविले, आणि १८८२ साली तो कर उठला. तथापि दुष्काळ व दारिद्र्य यांमुळे लोक येतच राहिले. काहींनी मुंबईत चहाची दुकाने काढली. काही डहाणू, घोलवड, बोर्डी या बाजूस येऊन जमिनी करू लागले. घरी दरी बोली, बाजारात गुजराती आणि कचेरीत मराठी, असा त्यांचा क्रम पडला. त्यांच्या नावाशी आज येथील चिकूची वाडी जोडली गेली आहे. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले.

गंमत अशी की चिकू हाही या भूमीत नवागतच आहे. त्याचे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेत. आपल्या देशात त्याची कलमे पुष्कळदा रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, खुंटावर बांधतात. रायण ही येथली. पाऊस, ऊन, कोरडी जमीन यांना सरावलेली. खुंट देशी, डोळा परदेशी, आणि फळ मात्र दोघांच्या बळावर धरलेले. कलम बांधणाऱ्या माळ्यास ठाऊक असते की खुंट दुबळा झाला तर वरची फांदी जगत नाही. आपल्या विषयात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

कारण या वाड्यांची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हकीकत पुरी होत नाही. इराण्यास जमीन घेता आली. कारण त्या काळच्या सरकारने जमीनमालकीचे दप्तर, न्यायकोर्ट आणि १८६४ पासून मुंबईपर्यंत जोडलेली आगगाडी ही साधने उपलब्ध केली होती. त्याचे नाव सातबाऱ्यावर चढले, आणि तो पक्का झाला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणाऱ्या वारल्यास अक्षरओळख नव्हती. सावकार आणि जमीनदार यांच्या वह्यांत त्याच्या नावावर कर्ज तेवढे होते, जमीन नव्हती. हे जमीनदार अनेक जातिधर्मांचे होते, तेव्हा दोष कोणा एका समाजाचा नव्हता. दोष व्यवस्थेचा होता. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. सरकारी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात ही स्थिती मुंबई सरकारपुढे मांडली होती. मे १९४५ मध्ये झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन माणसे मेली. पुढे १९४८ चा कूळकायदा, आणि १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचे व त्या बिगर-आदिवासींकडे जाऊ न देण्याचे कायदे झाले. तात्पर्य एवढेच, की नवे नाव लिहिताना जुने नाव पुसले जाता कामा नये. आलेल्याचे स्वागत आणि असलेल्याचे संरक्षण ही दोन्ही कामे एकाच सरकारची आहेत, आणि एकाच वेळी करावयाची आहेत.

आता हे काम नेमके कोणाकडे, ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे नागरिकत्व, परदेशी लोकांचे येणेजाणे आणि आंतरराज्य स्थलांतर हे विषय केंद्राकडे आहेत. नागरिकास देशात कोठेही जाऊन राहण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. म्हणजे दार बंद करण्याचा अधिकार राज्याला नाही. परंतु दारातून आत आल्यावर लागणाऱ्या बहुतेक गोष्टी, म्हणजे जमीन, पाणी, दवाखाना, पोलीस, ग्रामपंचायत व नगरपालिका, या राज्याच्या आहेत. आणि शिक्षण व मजुरांचे कायदे हे केंद्र व राज्य यांच्या सामाईक यादीत आहेत. थोडक्यात, कोणी यावे हे राज्याने ठरवावयाचे नाही. आलेला कसा राहील, हे बहुतांशी राज्यानेच ठरवावयाचे आहे.

राज्य सरकारने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या मोकळ्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीतील निर्वासिताची प्रथम नोंद झाली, मग धान्य, मग शाळा, मग धंद्यासाठी कर्ज, आणि अखेरीस नगरपालिका. तेथे उणिवा पुष्कळ राहिल्या. परंतु निर्वासित हा शब्द एका पिढीत मागे पडला आणि व्यापारी हा शब्द पुढे आला.

आता येथून बाहेर जाणाऱ्यांकडे वळू. भातकापणी व दिवाळी आटोपली म्हणजे तलासरी-डहाणूच्या पाड्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्या, मिठागरे आणि बांधकामे यांच्या वाटेने निघतात. त्यांच्या बोलीत याला ‘जगायला जाणे’ म्हणतात. या दोन शब्दांत सारे अर्थशास्त्र आले. तरुण पुरुष खलाशी म्हणून पोरबंदर, वेरावळ, ओखा येथील मच्छीमार बोटींवर जातात. बोट चुकून सागरी सीमेपलीकडे गेली तर पकडले जाऊन कराचीच्या मलीर तुरुंगात पडतात. भारत व पाकिस्तान हे परस्परांच्या कैद्यांच्या याद्या दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी देतात. त्या यादीत आपल्या माणसाचे नाव आहे काय, याची वाट पाहणारी घरे या भागात आहेत. बोट गुजरातची, खलाशी महाराष्ट्राचा. मग त्याच्या मागे राहिलेल्या बायकामुलांची चिंता कोणी वाहावी? वारली हा स्वतःच्या रानात मूळचा रहिवासी. तोच शंभर कोस गेला की उपरा होतो. म्हणून परप्रांतीयाचा प्रश्न हा नेहमी दुसऱ्याचाच असतो, असे समजणाऱ्याने एकदा तलासरीच्या नाक्यावर उभे राहावे.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा याची प्रचीती आली. सौराष्ट्राच्या बंदरांतून परतणारे या भागातील शेकडो खलाशी नारगोळ-उंबरगावच्या किनाऱ्यालगत बोटींवरच अडकून पडले. गाव डोळ्यांसमोर, आणि पाय ठेवावयास किनारा नाही. त्याच सुमारास महामार्गावरून परप्रांतीय मजूर आपापल्या गावाकडे पायी चालले होते. आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेच्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेने खवळलेल्या जमावाने वाटेने जाणारे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा प्राण घेतला. ते स्थलांतरित नव्हते. परंतु अनोळखी चेहरा आणि भय ही दोन एकत्र आली म्हणजे काय घडते, हे त्या रात्रीने दाखविले. माणसाची ओळख असणे ही केवळ कचेरीची सोय नाही; ते त्याच्या जीविताचे रक्षण आहे.

मग राज्याने काय करावे? वर सांगितलेल्या दप्तरांचाच क्रम घेऊ.

पहिली वही मजुरीची. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. मुकादमास परवाना, कामगारास छायाचित्रासह नोंदपुस्तिका, प्रवासखर्च व विस्थापन भत्ता अशा त्यात चांगल्या तरतुदी होत्या. परंतु मुकादमामार्फत न येता स्वतः होऊन आलेला मनुष्य त्यातून सुटे. त्या कायद्याची जागा २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेने घेतली असून ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तीत स्वतः होऊन आलेल्यासही स्थलांतरित मानले आहे, परंतु पूर्वीची पाच कामगारांची मर्यादा दहावर नेली आहे. लहान वीटभट्टी किंवा एखादी बोट या आकड्याखाली सहज राहते. तेथे राज्याने आपल्या बाजूने नोंदणी करवून घ्यावी. विशेषतः ‘उचल’ म्हणून आगाऊ दिलेली रक्कम आणि तिची फेड वहीत स्पष्ट लिहिली गेली पाहिजे. कारण लग्नगड्याचे कर्जही न लिहिलेल्या, किंवा एकट्या मालकाने लिहिलेल्या, वहीतूनच वाढले होते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने उपकरातून निधी जमू लागला. परंतु नोंदणीस मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या मालकाकडे, उद्या त्या, अशा मजुराने तो कोठून आणावा? तो दाखला देण्याचे काम सरकारी निरीक्षकाने कामाच्या जागी जाऊन केले, तर निधी तिजोरीत न राहता माणसांपर्यंत जाईल.

दुसरे दप्तर धान्याचे. ऑगस्ट २०१९ मध्ये परराज्यातही आपल्या शिधापत्रिकेवर धान्य मिळण्याची योजना प्रथम ज्या दोन जोड्यांत सुरू झाली, त्यांतील एक महाराष्ट्र व गुजरात ही होती. आणि २०२२ पर्यंत ती देशभर पोहोचली. तलासरीच्या मजुराला याहून उपयोगी योजना सुचविता येणार नाही. परंतु योजना आहे हे त्याला कोणी सांगितले पाहिजे, आणि कुटुंबाचे अर्धे धान्य गावी व अर्धे कामाच्या ठिकाणी घेता येते, हेही समजाविले पाहिजे. सीमेवरच्या नाक्यावर दोन्ही भाषांतील एक फलक व एक कारकून एवढ्याने पुष्कळ काम होईल.

तिसरा पट शाळेचा. या विषयावर थोडे अधिक बोलतो, कारण माझे आयुष्य शाळेत गेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दाखल्यावाचूनही मुलास प्रवेश देणे शाळेवर बंधनकारक आहे, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. महाराष्ट्रात बाहेर जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरी दिवाळीनंतर पट तोच राहतो आणि बाके रिकामी होतात. याला उपाय या भूमीनेच पूर्वी दाखविला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे न्यावी, असा त्यांचा व अनुताई वाघ यांचा विचार. त्यातून अंगणवाडी आली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रानातील कुरणशाळा आली. पुढे विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. सरकारने भट्टीस परवाना देतानाच तेथे किती मुले येणार, हे विचारून शिक्षक नेमला, तर नवे तत्त्वज्ञान शोधण्याची गरज नाही.

शाळेलाच जोडून भाषेचा विचार केला पाहिजे. परप्रांतीयाने मराठी बोलावे, ही आपली अपेक्षा रास्त आहे; संजाणच्या राजाचीही तीच अट होती. परंतु अपेक्षा करणाऱ्याने शिकविण्याची सोय केली पाहिजे. केरळ राज्याने २०१७ मध्ये पेरुंबावूर येथे परप्रांतीय मजुरांना मल्याळम शिकविण्याचा ‘चंगाती’ नावाचा उपक्रम काढला आणि ‘हमारी मलयाळम’ हे खास पुस्तक केले. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९६८ साली स्वतःचे स्थलांतर खाते काढून नवागतांना फ्रेंच शिकविण्याची केंद्रे उभारली. तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील हजारो लोक आहेत. पाळी सुटल्यावर तासभर मराठीचा वर्ग, त्यात बसची पाटी, औषधाची चिठ्ठी, मजुरीची पावती वाचता येईल एवढा अभ्यास, आणि शिकविणारे आमच्यासारखे निवृत्त शिक्षक. यास खर्च तो किती येणार? दरडावून भाषा येत नाही, शिकवून येते.

चौथी नोंद दवाखान्याची. क्षयरोगाचे औषध किंवा बालकाची लस मध्येच तुटली, तर नुकसान एकट्या त्या कुटुंबाचे होत नाही. गर्भार स्त्री आठव्या महिन्यात भट्टीवर गेली, तर तिची पत्रिका तिच्यामागून पुढच्या दवाखान्यात पोहोचली पाहिजे. केरळने २०१७ मध्ये परप्रांतीय मजुरांसाठी ‘आवाज’ ही आरोग्यविम्याची योजना केली आणि २०१९ मध्ये कंजिकोड येथे त्यांच्यासाठी ‘अपना घर’ हे वसतिगृह उघडले. विम्याच्या निमित्ताने मजुराने आपले नाव स्वतः होऊन नोंदविले, हे त्यातील मर्म. भीती दाखवून केलेली नोंद माणसे चुकवितात. लाभ दाखवून केलेली नोंद माणसे शोधीत येतात.

पाचवी यादी मतदारांची. १९५० च्या कायद्याप्रमाणे मनुष्य जेथे सर्वसाधारणपणे राहतो तेथे त्याचे नाव यावे. मत नसलेल्या वस्तीचा नळ सर्वांत शेवटी येतो, हे कोणास सांगावयास नको. मात्र हंगामी जाणाऱ्याचे नाव मूळ गावी टिकले पाहिजे आणि मतदानाच्या दिवशी त्याला मालकाने रजा दिली पाहिजे.

या सर्वांचा विचार आज तातडीने करण्याचे एक कारण आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे होणाऱ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपयांचा आहे. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी व बागाईतदारांनी या बंदरास दीर्घकाळ विरोध केला आहे, आणि त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. बंदर बांधण्यास व चालविण्यास बाहेरून माणसे येणारच. ती झोपड्यांत, मुकादमाच्या वहीवर आणि कोणाच्याही गणतीत नसलेली अशी राहतील, की नोंदलेली, शिकलेली व करार पाळणारी अशी राहतील, हे पहिला ट्रक येण्यापूर्वी ठरविता येते. नंतर येत नाही. त्याचबरोबर हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि १९९६ च्या कायद्याने ग्रामसभेस विशेष अधिकार आहेत. कामावर घेताना येथील वारली व मच्छीमार तरुणास आधी शिकवून आधी घेतले, आणि ग्रामसभेस विचारून वस्त्या बसविल्या, तर नवागताकडे कोणी वैऱ्याच्या दृष्टीने पाहणार नाही. ज्याला आपला घास हिरावला जाईल असे भय नाही, तोच पाहुण्याला पाट मांडतो.

श्रोते हो, आपण शहरात राहणारे. आपल्या इमारतीचा पहारेकरी, वाण्याच्या दुकानातील मुलगा, गल्लीतील रस्ता खणणारे जोडपे, यांतील कोणाचे नाव कोणत्या यादीत आहे, हे आपण कधी विचारीत नाही. विचारावे. त्याचे मूल कोणत्या शाळेत आहे, धान्य कोठे मिळते, एवढे दोन प्रश्न पुरेत. सरकारने दप्तर उघडे ठेवावे, आणि नाव सांगावयास निघालेल्या माणसाला कचेरीचा रस्ता आपण दाखवावा.